काळजीची आणेवारी

लेक डोंबिवलीला असते, नोकरी लोअर परळला. रात्री साडेआठच्या सुमारास ती खोलीवर पोचते आणि आम्ही मिरजेहून फोन करतो. मागच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. नऊला पुन्हा तेच. सव्वानऊला 'स्विच ऑफ'. तोवर माझ्या पोटात गोळा आला होता. दारात लोंबकळणारी गर्दी, रुळांवर साचलेलं पाणी, दवाखान्याचा लांबलचक व्हरांडा, सगळं डोळ्यांसमोर उभं राहिलं. मी यांना म्हटलं, "अहो, काहीतरी झालंय." काहीतरी झालं असेल, असंही मी म्हटलं नाही. थेट 'झालंय'.

मी कनिष्ठ महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते. फासे, पत्ते, पिशवीतले लाल-निळे चेंडू घेऊन संभाव्यतेचा धडा वर्षानुवर्षं शिकवत आले. त्या दीड तासात त्यातलं एक अक्षर मला आठवलं नाही. पावणेअकराला तिचाच फोन आला. ऑफिसातल्या मैत्रिणीचा निरोपाचा कार्यक्रम होता आणि फोनची बॅटरी संपली होती.

त्या रात्रीनंतर मी या विषयाचं वाचायला लागले आणि वाचलेलं स्वतःवर करून बघायला लागले. रोजच्या धाकधुकीने ज्यांची झोप जाते, त्यांना ते उपयोगी पडेल असं मला मनापासून वाटतं. गणिताची भीती असेल तरी चालेल. गुणाकार-भागाकारापलीकडे यात काही नाही.

काळजी आपल्याला एकच प्रश्न विचारते: असं होऊ शकतं का? या प्रश्नाचं उत्तर नेहमी 'हो' असतं. लोकलमधून पडू शकतं, डोकेदुखी म्हणजे गाठ असू शकते, साहेब नोकरीवरून काढू शकतात. 'हो' म्हटलं की मन पुढची चित्रं रंगवायला मोकळं. मन चिंती ते वैरी न चिंती, असं आपल्याकडे म्हणतात ते उगाच नाही. वैऱ्याला इतका वेळ नसतो. सगळा खेळ आहे प्रश्न बदलण्याचा. होऊ शकतं का, याऐवजी विचारायचं: अशा शंभर, हजार, लाख वेळांत ते किती वेळा होतं?

आमच्या भागात आणेवारी हा शब्द अजून लोकांच्या तोंडी आहे, सरकारी कागदावर तिची पैसेवारी झाली असली तरी. गावात यंदा पीक किती आलं, हे महसूल खातं टप्प्याटप्प्याने ठरवतं. आधी नजर अंदाज, म्हणजे उभं पीक डोळ्यांनी बघून काढलेला आकडा. मग सुधारित. शेवटी निवडक शेतांत पीक प्रत्यक्ष कापून, मळून, वजन करून, नेहमीच्या उत्पन्नाशी ताडून काढलेली अंतिम पैसेवारी. ती ५० पैशांच्या, म्हणजे नेहमीच्या पिकाच्या निम्म्याच्या, खाली आली की गावात दुष्काळसदृश परिस्थिती धरतात. नजर अंदाजाला कुणी खोटं म्हणत नाही, पण त्यावर कुणी थांबतही नाही. काळजीच्या बाबतीत आपण बहुतेकदा नजर अंदाजावरच थांबतो आणि त्यालाच अंतिम समजून दुष्काळ जाहीर करून टाकतो.

त्या रात्रीचा माझा नजर अंदाज काय होता? रुपयात दहा आणे. म्हणजे शंभरात साठाहून जास्त वेळा अपघातच झालेला असणार. आता सुधारित काढू.

लेक डोंबिवलीत येऊन तीन वर्षं होत आली होती. धरू हजार संध्याकाळी. त्यांत फोन न उचलल्याच्या किती? चाळीसेक तरी. कधी आंघोळीला गेलेली, कधी फोन गर्दीत पर्समध्ये तळाशी, कधी रिंग बंद, कधी नुसती झोप लागलेली. या चाळीस वेळांत अपघात किती? एकही नाही. इथे थांबून 'बघा, शून्य!' म्हणायचा मोह होतो. तसं करू नये. संख्याशास्त्रात एक सोपा नियम आहे. अमुक इतक्या वेळांत एखादी गोष्ट एकदाही घडली नसेल, तर तिची शक्यता फार तर तीन भागिले तितक्या वेळा असू शकेल, असं बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं. तीन भागिले चाळीस म्हणजे शंभरात साडेसात. आईच्या जिवाला शंभरात साडेसात फार झाले. एकट्या घरच्या अनुभवाची झेप इतकीच असते, म्हणून मोठी गर्दी मोजावी लागते.

मुंबईच्या लोकलने दिवसाला साठ लाखांहून जास्त प्रवास होतात. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर अलीकडच्या वर्षांत दरवर्षी सुमारे अडीच हजार माणसं मरतात आणि साधारण तितकीच जखमी होतात. हा आकडा लहान नाही. दिवसाला सात घरांत रडारड होते आणि ते कुणीही सहज घेऊ नये. पण मला त्या रात्री वेगळी गोष्ट हवी होती. मरणारे आणि जखमी मिळून दिवसाला चौदा धरले, तर सव्वाचार लाख प्रवासांत एक येतो. म्हणजे दहा लाख प्रवासांत दोन-तीन. पावसाळा आहे, गर्दी आहे, माझा जीव घाबरलाय, म्हणून मी दोन-तीनाचे दहा धरते. मुद्दाम जास्त.

आता लेकीसारख्या दहा लाख संध्याकाळी डोळ्यांपुढे आणा. त्यांतल्या दहा संध्याकाळी अपघात झाला आणि त्या दहाही वेळा फोन उचलला गेला नाही. उरलेल्या सगळ्या संध्याकाळी सुखरूप, पण हजारात चाळीस या हिशेबाने त्यांतल्याही चाळीस हजार वेळा फोन उचलला गेला नाही. म्हणजे फोन न उचललेल्या चाळीस हजार दहा संध्याकाळी झाल्या आणि त्यांत अपघाताच्या दहा. चार हजारांत एक.

दहा आण्यांवरून चार हजारांत एक. मी आकडा मुद्दाम फुगवूनही.

या हिशेबातला कळीचा भाग पुन्हा बघा, कारण हुशार माणसंही इथेच फसतात. अपघात झाला तर फोन लागत नाही, हे जवळपास सोळा आणे खरं. त्यावरून मन उलटी उडी मारतं: फोन लागत नाही, म्हणजे अपघात झाला. ही दोन वाक्यं वेगळी आहेत. पहिल्यात दहा माणसं आहेत, दुसऱ्यात चाळीस हजार दहा. जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेन्झर यांनी हे दाखवून दिलं की टक्केवारीत मांडलेला असा प्रश्न डॉक्टरांनाही चकवतो, पण तोच 'हजार माणसांत इतकी' अशा रीतीने मांडला की पुष्कळ जणांना उलगडतो. वर्गात मी हे आता असंच शिकवते. सूत्र नंतर, आधी माणसं मोजा.

नजर अंदाज इतका का चुकतो? अमोस ट्वर्स्की आणि डॅनिएल कानेमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये याचं एक कारण मांडलं. एखादी गोष्ट किती वेळा घडते, हे ठरवताना मन मोजत बसत नाही. तिचं उदाहरण किती पटकन आठवतं, ते बघतं. चटकन आठवलं म्हणजे वारंवार घडत असणार. आठवण मात्र कशाची राहते? लोकलमधून पडलेल्या माणसाची बातमी येते, व्हिडिओ फिरतो, गल्लीत चर्चा होते. साठ लाख प्रवास सुखरूप झाले, हे कुठल्या ग्रुपवर येतं? सुखरूप पोचण्याची बातमी होत नाही, त्यामुळे तिची आठवणही होत नाही.

या चुकीची किंमत कधी जिवाने मोजावी लागते. अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर लोक विमानाला घाबरले आणि लांबच्या प्रवासाला मोटारीने जाऊ लागले. गिगेरेन्झर यांच्या अंदाजानुसार पुढच्या बारा महिन्यांत त्यामुळे रस्त्यांवर सुमारे दीड हजार माणसं जास्तीची मेली. भीती खरी होती, पण तिने माणसांना जास्त धोक्याच्या वाटेला लावलं.

आपल्याकडेही भीती अशीच चुकीच्या जागी बसते. भारतात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतल्या ५०,०२९ जणांनी हेल्मेट घातलेलं नव्हतं. आता सगळ्या देशाचा हिशेब केला तर एका माणसाला एका दिवसात रस्त्यावर मरण येण्याची शक्यता तीस लाखांत एकाच्या आसपास येते. रोज दुचाकी हाकणाऱ्याची त्याहून बरीच जास्त, हे धरायलाच हवं. पण पोरगं घरी येईपर्यंत देवापुढे दिवा लावून बसणारी किती माणसं ते निघताना हेल्मेटचा पट्टा बघतात? आकडा काळजी घालवायलाच लागतो असं नाही. काळजी कुठे खर्च करावी, तेही तो सांगतो. लेकीशी मी आता लोकलबद्दल दोनच गोष्टी बोलते: रूळ ओलांडायचे नाहीत, दारात उभं राहायचं नाही. रेल्वेवरच्या मृत्यूंचा मोठा वाटा त्यांत जातो. तेवढं पाळलं की लाखांतला एक आणखी लांब जातो.

दुसरी एक चूक मला स्वतःत फार उशिरा दिसली. मनातली भीती एकटी नसते, तिची साखळी असते. साहेबांनी "उद्या सकाळी भेटा" म्हटलं की मन सुरू होतं: काहीतरी चूक सापडली असेल, नोकरी जाईल, दुसरी मिळणार नाही, हप्ते थकतील, घर बँकेच्या ताब्यात जाईल. रात्री दोन वाजता आपण घराच्या लिलावाला रडत असतो, आणि घडलेलं काय असतं? "उद्या सकाळी भेटा."

इथे कड्या सुट्या करायच्या. प्रत्येक कडीला आधीची कडी घडली असं धरून आकडा द्यायचा. चूक सापडलेली असण्याची शक्यता दहात तीन. सापडली असेल तर त्यावरून नोकरी जाण्याची दहात एक. गेलीच तर सहा महिने दुसरी न मिळण्याची दहात तीन. तेही झालं तर, बचत संपून, भावाकडून काहीच न मिळून, बँकेने मुदत न देऊन घर जाण्याची दहात एक. गुणाकार करा: दहा हजारांत नऊ. आकडे तुमचे वेगळे असतील. कुणाची नोकरी खरंच डगमगती असते, तिथे दुसरी कडी दहात पाचही असेल. तरी शेवटाला पोचेपर्यंत तो आकडा झिजत जातो. मनाला मात्र उलटं वाटतं. गोष्टीत जितका तपशील भरावा तितकी ती खरी वाटते. लिलावाची नोटीस, दारावरचं कुलूप, शेजाऱ्यांच्या नजरा. प्रत्येक नवा तपशील गोष्टीला जिवंत करतो आणि त्याच वेळी तिची शक्यता कमी करतो, कारण आता तेवढं सगळं एकदम घडावं लागतं.

डोकेदुखीचं थोडक्यात सांगते, कारण हा प्रश्न मला स्टाफरूममध्येही पडलेला दिसतो. वर्षभरात निम्म्याच्या आसपास मोठ्या माणसांचं डोकं कधी ना कधी दुखतं. मेंदूतल्या गाठी भारतात वर्षाला लाखात पाच ते दहा जणांना होतात. म्हणजे लाखात डोकं दुखणारे पन्नास हजार आणि गाठवाले फार तर दहा. मात्र हा हिशेब नेहमीच्या दुखण्याचा. एकाएकी वीज पडल्यासारखं भयानक दुखलं, सोबत ताप येऊन मान आखडली, हातापायातली ताकद गेली, झटका आला, दिसायला फरक पडला, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच नव्या प्रकारचं दुखू लागलं, तर तुम्ही त्या पन्नास हजारांच्या गर्दीत राहत नाही. तेव्हा आकडे मांडत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा. कुठल्या गर्दीत आपण मोडतो, हे प्रामाणिकपणे ठरवणं हा या सगळ्या हिशेबाचा पाया आहे.

आणि कधी आकडा मोठाच येतो. जत-आटपाडीच्या शेतकऱ्याला पाऊस दगा देईल का, याची भीती वाटते तेव्हा त्याचा नजर अंदाज आपल्या सगळ्यांपेक्षा शहाणा असतो. त्याला 'कशाला काळजी करता' म्हणणं हा अपमान आहे. तिथे आकड्याचा उपयोग तयारीला: पीक कुठलं घ्यायचं, विमा भरायचा का, चारा किती ठेवायचा. भाषणात अडखळण्याची भीती वाटते त्या मुलीलाही मी 'नाही अडखळणार' असं सांगत नाही. पहिल्या वेळी तिघांत एक अडखळतो असं धर, म्हणते. मग दुसरा प्रश्न विचारते: अडखळलीस, तर त्यानंतरच्या दोन मिनिटांत काय करशील? पाणी पिईन, कागद बघेन, पुढचं वाक्य म्हणेन. भीती वाढवणाऱ्या चुका दोन असतात, असं मानसोपचारात सांगतात. घडण्याची शक्यता वाढवून बघायची आणि घडलं तर निभावण्याची आपली ताकद कमी धरायची. पहिलीला आकडा उतारा, दुसरीला हे 'मग काय करशील'.

माझी पद्धत साधी आहे. एक वही आहे. भीती वाटली की ती एका पूर्ण वाक्यात लिहायची, तारखेसकट. 'लेकीचं काही बरंवाईट होईल' असं धूसर लिहायचं नाही. 'आज रात्री लोकलचा अपघात होऊन ती दवाखान्यात असेल' असं लिहायचं. यावर आमच्या सासूबाईंनी हातच धरला. "अभद्र लिहू नकोस, वास्तू तथास्तु म्हणते." त्यांच्या बोलण्यामागची माया मला कळते, तीन पोरांना वाढवताना त्यांनी तेच केलं. पण न बोललेली भीती मोजता येत नाही आणि न मोजलेली भीती अंधारात वाढत जाते, हे मी त्यांना हळूहळू सांगत राहिले. वाक्यापुढे तीन रकाने: नजर अंदाज, सुधारित, अंतिम. पहिला लगेच भरायचा, मनात येईल तो. दुसरा थोडं शांत झाल्यावर, वरचे हिशेब करून. काळीज धडधडत असताना दुसऱ्या रकान्याला हात लावू नका, आधी पाणी प्या, दहा संथ श्वास घ्या, गच्चीवर जा. शरीर घाबरलेलं असताना भागाकार होत नाही, हे मी दीड तास अनुभवलंय. तिसरा रकाना भरायचा प्रत्यक्ष काय झालं ते कळल्यावर. हा रकाना कुणी चुकवू नये. भीती खोटी ठरली की आपण सुटकेचा श्वास टाकतो आणि विसरून जातो, म्हणून मन त्यातून काहीच शिकत नाही.

अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी हाच तिसरा रकाना भरायला लावला होता. चिंताविकार असलेल्या २९ जणांनी आपल्या काळज्या दहा दिवस टिपल्या आणि त्या खऱ्या ठरल्या का, हे महिनाभर बघितलं. २०२० मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात सुमारे ९१ टक्के काळज्या खऱ्या ठरल्या नाहीत. पुष्कळ जणांच्या बाबतीत तर एकही ठरली नाही. माणसं थोडी होती, तरी माझी वहीही त्याच वळणाची निघाली. बहुतेक पानांवर तिसऱ्या रकान्यात 'झालं नाही' आहे, आणि जिथे 'झालं' आहे तिथे ते वाटलं होतं त्याहून निभावण्यासारखं निघालं. एक पान मात्र तसं नाही. माझ्या मावसभावाचं. तिथे नजर अंदाज सहा आणे होता, सुधारित एक आणा, आणि शेवटी तेच घडलं. एक आणा म्हणजे शून्य नव्हे. ते पान मी फाडलं नाही.

म्हणूनच दुसऱ्याच्या घरी हे आकडे घेऊन जाऊ नये. ज्याच्या दारात ती दहा लाखांतली एक संध्याकाळ येऊन गेली, त्याच्यापुढे लाखांची भाषा क्रूर आहे. त्याच्याजवळ नुसतं बसावं.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. एका भीतीचा हिशेब एकदा करायचा. तोच पुन्हा पुन्हा करावासा वाटू लागला, गॅस बंद आहे का हे दहादा बघावं तसं, तर आकडा औषध न राहता त्या आजाराचाच भाग होतो. जवळजवळ रोज, सहा-सहा महिने काळजी थांबतच नसेल, झोप उडाली असेल, मान-खांदे सतत ताठलेले असतील, कामात लक्ष लागत नसेल, तर वही पुरणार नाही. मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला हवं. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ वर दिवसरात्र कधीही फोन लावता येतो आणि मराठीत बोलता येतं. ताप उतरत नसला की डॉक्टरकडे जातो, तितकंच हे साधं आहे.

सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय. गेल्या रविवारी त्या आपणहून म्हणाल्या, "माझंही लिही गं. डोळा जाईल म्हणून वाटतंय. चार आणे लिही." मी लिहिलं. मंगळवारी तपासणीला गेलो, तर मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच डॉक्टरांना विचारलं, "तुम्ही केलेल्या शंभरांत कितींचं बिघडलं?" डॉक्टर पेन खाली ठेवून म्हणाले, "आजी, शंभरात नाही मोजता येणार, हजारात मोजावं लागेल." मग त्यांनी शुगर किती आहे ते बघितलं, ऑपरेशननंतर डोळ्याला पाणी किती दिवस लावायचं नाही ते सांगितलं, आणि लाल झालं किंवा दुखलं तर रात्रीसुद्धा फोन करा म्हणाले. घरी आल्यावर दुसऱ्या रकान्यात सासूबाईंनी स्वतःच्या हाताने आकडा घातला. तिसरा रकाना रिकामा आहे. ऑपरेशन गुरुवारी आहे.